इंजिनाचा पाव फेरा

“हे वाकडं कोनं बसवलं?”

शरदरावांनी हातातली काठी इंजिनाच्या डाव्या बाजूवर रोखली आणि विचारलं. विनोदभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. सलीमभाईंनी माझ्याकडं पाहिलं. डाव्या बाजूचे दांडे मीच उभं राहून बसवून घेतले होते. त्यामुळं थोडा वेळ मीही माझ्याच हातांकडं पाहिलं.

मी प्रणाली. अमरावतीच्या एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ही गोष्ट गेल्या वर्षीची, अकोल्यातल्या माझ्या इंटर्नशिपमधली. आमचं घर चांदूर रेल्वेला. वडील तिथल्या धान्याच्या मार्केटमध्ये हमाली करतात, आई शिवणकाम करते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. ‘इंजिनिअर’ हा शब्द मलाही अजून नीट अंगाला बसलेला नाही, त्यामुळं सांगताना कुठं अडखळले तर समजून घ्यावं.

इंजिन वाफेचं होतं, छोट्या लाइनचं. छोटी लाइन म्हणजे मीटर गेज. दोन रुळांमध्ये फक्त एक मीटर अंतर. अकोल्याहून खंडव्याकडं जाणारी गाडी या लाइनीवर चालायची. लहानपणी मी आईबरोबर अकोटला मामाकडं याच गाडीनं जायचे. तोवर वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची आली होती. गाडी इतकी निवांत चालायची की निंदण करणाऱ्या बाया वर पाहून डब्यातल्या ओळखीच्या बाईला “माहेरी निघाली का वं?” असं विचारायच्या आणि उत्तरही ऐकून घ्यायच्या. खिडकीच्या गजाला गाल लावून बसलं की गज गालावर थरथरत राहायचा. पुढं लाइन मोठी करायची म्हणून गाडी बंद झाली, छोटे रूळ निघाले. मी त्या गाडीत शेवटची बसले तेव्हा ही शेवटची खेप आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माहीत असतं तर झोपले नसते.

शरदरावांची आठवण माझ्याहून फार जुनी. अकोट रोडला त्यांच्या वडिलांची जिनिंग होती. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना. छोट्या लाइनचा एक फाटा थेट या आवारात यायचा आणि गाठी इथंच डब्यांत भरल्या जायच्या. जिनिंग बंद पडून बरीच वर्षं झाली. आता टिनाची शेड आहे, गाठी दाबायच्या प्रेसचा दगडी पाया आहे, आणि फाटा होता तिथं बाभळी आहेत. सत्तरी ओलांडल्यावर शरदरावांनी ठरवलं की या आवारात एक इंजिन उभं करायचं. भंगारात निघालेलं एक इंजिन त्यांनी रीतसर लिलावात घेतलं. ते ट्रेलरवरून आणणं, चौथऱ्यावरच्या रुळांवर बसवणं आणि रंगवणं, हे काम विनोदभाऊंच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपकडं आलं. मी तिथंच इंटर्न होते. विनोदभाऊंनी आजवर गोदामांच्या शेड, पाण्याच्या टाक्या आणि शाळांची गेटं बनवली होती. इंजिन पहिल्यांदाच.

“गेटापेक्षा जड हाये, एवढाच फरक,” ते पहिल्या दिवशी म्हणाले होते.

माझ्याकडं दोन कामं होती. एक, चाकं आणि दांडे यांच्या फिटिंगवर देखरेख. दुसरं, आवारात लावायच्या पाटीवरची माहिती लिहिणं. “तू शिकलेली हायेस, पाटी तू लिही,” असं शरदरावांनीच सांगितलं होतं. वाफेची इंजिनं आमच्या अभ्यासक्रमात आता जवळजवळ नाहीतच. म्हणून मी वाचत बसले आणि मला त्याची गोडी लागली.

वाफेच्या इंजिनाची जात चाकांवरून सांगतात. पुढून मागं मोजत यायचं. आधी पुढची छोटी चाकं, मग मधली मोठी, मग मागची छोटी. आमचं इंजिन दोन-आठ-दोन होतं. पुढं छोट्या चाकांची एक जोडी, मध्ये मोठ्या चाकांच्या चार जोड्या, मागं परत छोटी एक जोडी. कोळसा आणि पाणी ठेवायचा डबा इंजिनाच्या मागं वेगळा असतो, त्याला टेंडर म्हणतात. त्याची चाकं या हिशेबात धरत नाहीत.

चहाच्या वेळी मी हे सांगितलं तर सलीमभाई नाराज झाले. सलीमभाई म्हणजे आमचे गॅस कटर. लोखंड कापण्यात आणि वेल्डिंगमध्ये त्यांचा हात धरणारं एमआयडीसीत कोणी नाही.

“टेंडर का क्या कुसूर, बाई? वो भी तो साथ में चल रहा था.”

“सलीम, तुहं नाव पाटीवर टाकू का?” विनोदभाऊ म्हणाले. “तू बी साथच चालून राहिला.”

प्रत्येक चाकाला स्वतःचं काम आहे. वाफेचा जोर फक्त मधल्या मोठ्या चाकांना मिळतो. ओढणारी चाकं जास्त असली की इंजिनाचं जास्त वजन त्यांच्यावर पडतं, रुळावर पकड येते, आणि चाक जागच्या जागी न घसरता जड मालगाडी हलते. पॅसेंजरच्या इंजिनाला ओढणारी चाकं कमी पण उंच देतात, म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर कापलं जातं. ती मांडणी चार-सहा-दोन. पुढची छोटी चाकं वाट दाखवतात. वळण आलं की आधी ती वळतात आणि मागच्या लांब धडाला वळणावर घेतात. मागच्या छोट्या चाकांची गोष्ट मला सगळ्यात आवडली. भट्टी मोठ्या चाकांच्या मध्ये बसवली तर तिला अरुंद राहावं लागतं. पण आपल्याकडच्या कोळशात राख फार. असा कोळसा जाळायला भट्टी रुंद लागते. म्हणून भट्टी मोठ्या चाकांच्या मागं नेली आणि तिचा भार घ्यायला खाली ही दोन छोटी चाकं दिली. कोळशात राख जास्त आहे म्हणून चाकं वाढली, हे वाचून मला का कोण जाणे, घरचं वाटलं.

या दोन-आठ-दोन मांडणीला मिकाडो म्हणतात. अमेरिकेतल्या एका कारखान्यानं अशी इंजिनं फार पूर्वी जपानसाठी बांधली, आणि जपानच्या सम्राटाला बाहेरचे लोक तेव्हा मिकाडो म्हणत. तेच नाव चिकटलं. पुढं आपल्या छोट्या लाइनवरच्या मालगाड्यांनाही हीच मांडणी मानवली.

शरदरावांना मी हे वाचून दाखवलं. “नाव जपानच्या राजाचं अन् ओढे अकोटचा कापूस,” असं म्हणून ते इतके खूश झाले की त्यांनी पाटी मोठी करायला सांगितली.

आणि तेच शरदराव आता काठी रोखून उभे होते.

तक्रार अशी होती. मोठ्या चाकांवर बाहेरच्या अंगानं, मध्यापासून थोडी बाजूला, एक जाड खुंटी असते. तिला क्रँक पिन म्हणतात. एका बाजूच्या चारही चाकांच्या पिना एका लांब दांड्यानं जोडलेल्या असतात, म्हणजे चारही चाकं बरोबर फिरतात. ट्रेलरवर चढवताना आम्ही डाव्या बाजूचे दांडे काढले होते. ते मी परत बसवून घेतले. आता उजव्या बाजूला पिना चाकाच्या तळाशी होत्या आणि दांडा अगदी खाली. डाव्या बाजूला मात्र पिना पुढच्या अंगाला, चाकाच्या बरोबर निम्म्या उंचीवर, आणि दांडा मधोमध.

“इकून पाह्यलं तर दांडा खाली. तिकून पाह्यलं तर मधात,” शरदराव म्हणाले. “पोळ्याले बैलजोडी नेतो आपुन. एक उंच अन् एक बुटका, अशी नेतो का? दोन्हीकून सारखं पायजे.”

“करून देतो, साहेब,” विनोदभाऊ लगेच म्हणाले.

“रविवारी उद्घाटन हाये.”

“त्याच्या आधी होते.”

शरदराव शेडकडं गेले. विनोदभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. हे ते अडचणीत आले की करतात.

“सलीम, डावे दांडे उतरव. पिना कापून टाक. चाकाच्या खालच्या अंगाले नव्या वेल्ड करू. वरून काळा रंग मारला की कोनाले समजत नाही.”

“जैसा बोलो.”

“भाऊ,” मी म्हणाले, “मला एकदा बघू द्या ना.”

“काय पाहाचं हाये?”

“माझी चूक झाली का ते.”

विनोदभाऊ चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. “पाह्य,” ते म्हणाले. “उद्या सकाळी गॅस पेटते. तोवर पाह्य.”

कापलेल्या जागी दुसरी पिन वेल्ड करता येते, हे मलाही माहीत होतं. पण मग ती इंजिनाची पिन राहत नाही. चाकावर चिकटवलेला रंगीत तुकडा राहतो. इतकी वर्षं ज्या लोखंडानं कापूस ओढला ते माझ्या फिटिंगमुळं कापलं जाणार होतं.

मी इंजिनाखाली शिरले. आधी एकच प्रश्न: दांडा चुकीचा बसवता येतो का? पाहिलं तर येत नव्हता. पिन चाकात ठोकून पक्की केलेली. चाक अ‍ॅक्सलवर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या जाड कण्यावर, प्रेसनं दाबून बसवलेलं. पिना जिथं आहेत तिथंच दांडा जाणार. मी फक्त घालून बोल्ट आवळले होते. मग दुसरी शंका आली. वाटेत हादऱ्यानं चाकं अ‍ॅक्सलवर सरकली असतील तर? पण चारही अ‍ॅक्सलवर डावी पिन उजवीशी अगदी काटकोनात होती. एखादं चाक सरकू शकतं. चारही चाकं तंतोतंत तेवढीच कशी सरकतील?

म्हणजे ते मुद्दाम तसं केलेलं होतं. पण कशासाठी, हे मला सांगता येईना. मी अंगाला ग्रीस घेऊन मावशीच्या घरी आले. अकोल्यात मी तिच्याकडंच राहत होते.

संध्याकाळी आईचा फोन आला. ती शिवतानाच बोलते, फोन स्पीकरवर ठेवून. मशीनचा आवाज चालू होता, मध्येच थांबला, आणि एक क्षण जाऊन परत सुरू झाला. हा आवाज मी जन्मापासून ऐकत आले आहे. चौदा एप्रिलच्या जयंतीआधीच्या आठवड्यात आमच्या घरी पांढऱ्या ब्लाउजांचा ढीग असायचा. आई पायानं मशीन चालवायची आणि मी बाजूला बसून हुका लावायचे. मध्येच मशीन अडायची. आईचे दोन्ही हात कापडात गुंतलेले असले की ती म्हणायची, “हात दे.” मी मशीनचं वरचं चाक जरासं ढकलायचे की मशीन परत चालू.

“आई, आत्ता मशीन अडली होती का?”

“हो. नेहमीचंच हाये. काहून?”

“मग काय केलंस?”

“काय करतात? चाकाले हात देल्ला. तू जेवली का?”

मी जेवले नव्हते. मला आमच्या वर्गातलं एक गणित आठवलं होतं. मशीनच्या भागांच्या तोलावर आम्हाला एक धडा आहे. त्यात इंजिनाची गणितं येतात आणि जवळजवळ प्रत्येक गणिताच्या पहिल्या ओळीत दिलेलं असतं की दोन्ही क्रँक एकमेकींशी काटकोनात आहेत. मी अशी कितीतरी गणितं सोडवली होती, मार्कही मिळवले होते. काटकोनात का, हे मी कधी विचारलं नव्हतं. गणितात दिलेलं असतं ते आपण धरून चालतो.

पायाची मशीन अडते तेव्हा तिचा दांडा आणि चाकाचा मध्य एका सरळ रेषेत आलेले असतात. मग पायानं कितीही दाबा, जोर चाकाच्या मध्यावरच जातो, चाक फिरत नाही. इंजिनाच्या प्रत्येक बाजूला वाफेचा जोर समोरच्या एका सिलिंडरमधून मिळतो. पिन अगदी पुढं किंवा अगदी मागं असली की तसंच होतं. एकाच बाजूचा जोर असता किंवा दोन्ही बाजूंच्या पिना सारख्या असत्या, तर नेमक्या त्या जागी थांबलेलं इंजिन परत सुटलंच नसतं. आणि त्याला हात द्यायला कोण जाणार? म्हणून दुसऱ्या बाजूची पिन पाव फेरा पुढं-मागं ठेवतात. एक बाजू अडते तेव्हा दुसरी पुऱ्या जोरात असते.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा सलीमभाई गॅसचे पाइप पसरत होते. शरदरावही येऊन खुर्ची टाकून बसले होते. मी आदल्या रात्री सगळं पाठ केलं होतं, पण त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पहिलंच वाक्य विसरले.

“सर... काका... सायकल आणू का?”

“काहून, कुठं जातेस?” विनोदभाऊ म्हणाले.

मी चौकीदाराची सायकल आणून स्टँडवर लावली. एक पायडल बरोबर वर आणलं आणि शरदरावांना म्हणाले, “याला सरळ खाली दाबा.” त्यांनी हातानं दाबलं. हललं नाही. अजून जोर लावला. सायकल डुगडुगली, चाक नाही फिरलं. मग मी पायडल पाव फेरा पुढं आणलं. “आता दाबा.” चाक गरगर फिरलं. शरदराव दचकून मागं सरकले.

“सायकलची दोन्ही पायडलं समोरासमोर असतात,” मी सांगितलं. “म्हणून एक अडलं की दुसरंही अडतं. आपण जमिनीवर पाय मारून सुटतो. इंजिनाला पाय मारता येत नाही. म्हणून त्याची एक बाजू अडलेली असते तेव्हा दुसरी जोरात असते. आत्ता आपली डावी बाजू अडलेली आहे आणि उजवी पुऱ्या जोरात आहे. हे वाकडं नाही, काका. हे असंच बनवलेलं आहे.”

शरदराव सायकलकडं बघत राहिले. मग इंजिनाकडं. “म्हंजे एक बैल दम घेते तवा दुसरा ओढते.”

“हो. अगदी तसंच.”

“पन हे इंजिन कुठं चालनार हाये?” विनोदभाऊ हळूच म्हणाले. “शो पीस हाये, प्रणाली.”

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. “चालणार नाही, भाऊ,” मी म्हणाले. “पण चालत होतं हे तरी बघणाऱ्याला दिसायला पाहिजे ना. दोन्ही बाजू सारख्या केल्या तर हे कधी चाललंच नसतं असं इंजिन होईल.”

सलीमभाईंनी पाइप गुंडाळायला घेतला, मग विनोदभाऊंचा हुकूम नाही हे लक्षात येऊन थांबले.

“तुहं बरोबर असन, पोरी,” शरदराव शेवटी म्हणाले. “पन मले डावा दांडा खाली पायजे.”

“उजवा आहे ना खाली.”

“उजवा नाही. डावाच.”

“काहून, काका?”

हे विचारताना मलाच लाज वाटली. पण खरं म्हणजे हे आतापर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. शरदराव जरा ओशाळले. उठून गाडीतून कागदात गुंडाळलेली एक फ्रेम घेऊन आले. शेडमधल्या भिंतीवर लावायला आणलेला जुना फोटो होता. हेच आवार, मागं हीच शेड, समोर असंच इंजिन, गळ्यात झेंडूचे हार. आणि इंजिनाच्या डाव्या बाजूला एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ. त्यांचा एक पाय चाकाच्या दांड्यावर ठेवलेला.

“बाबा,” शरदराव म्हणाले. “हंगामातली पहिली गाठींची गाडी निघे तवा इंजिनाची पूजा होये. नारळ, हार, मंग फोटो. हर साली बाबा असेच उभे राहत.”

“पूजा करून मग त्यावरच पाय?” विनोदभाऊंच्या तोंडून निघून गेलं.

“आधी नमस्कार, मंग पाय. मालक होते नं. डायवर लय चिडे. म्हने, मालक, सुटायचा टाइम झाला, पाय घ्या.” शरदराव हसले, आणि हसता हसता थांबले. “मले बी तसाच एक फोटो पायजे होता. आता एवढ्या मानसाईत कसं सांगू, का मले दांड्यावर पाय ठेवाचा हाये? म्हनलं दोन्हीकून सारखं करा, म्हंजे डावी आपसूक येईन.”

मी फोटोकडं नीट पाहिलं. डावा दांडा खाली होता. म्हणजे त्या क्षणी उजवा मधोमध असणार. फोटोतलं इंजिनही आमच्या इंजिनासारखंच ‘वाकडं’ होतं, फक्त पाव फेऱ्याचा फरक.

“काका, कापायची गरज नाही,” मी म्हणाले. “इंजिन थोडं पुढं घेऊ. चाक पाव फेरा फिरलं की डावा दांडा खाली येईल.”

मी टेप लावला. मोठं चाक चार फुटी. त्याचा पाव फेरा म्हणजे तीन फूट आणि दोन इंचांच्या आसपास. पुढं रूळ पुरेसा होता. रुळावर मी खडूनं खूण केली. इंजिन पळू नये म्हणून चाकांपुढं लोखंडाचे स्टॉपर वेल्ड केले होते, ते काढायचे होते. सलीमभाईंनी गॅस शेवटी पेटवलाच, पण स्टॉपरवर.

“इतना पाइप बिछाया, कुछ तो काटूंगा,” ते म्हणाले.

खरी भीती वेगळीच होती. इंजिन ओढल्यावर चाकं फिरतील की नुसती घसरतील? सिलिंडरमधले पिस्टन लिलावाआधीच काढलेले होते, त्यामुळं आत अडणारं काही नव्हतं. टेंडरही अजून जोडलेलं नव्हतं. पण अ‍ॅक्सल वर्षानुवर्षं फिरले नव्हते. चाकं फिरली नाहीत तर इंजिन पुढं जाणार आणि दांडा जिथल्या तिथं राहणार. मग विनोदभाऊंकडं कापण्यावाचून काही उरलं नसतं, कारण आता त्यांनी शब्द दिला होता. आम्ही प्रत्येक अ‍ॅक्सलच्या पेटीत आणि दांड्याच्या प्रत्येक सांध्यात तेल ओतलं आणि ते मुरायला ठेवून दिलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ओढायचं ठरलं. प्रेसच्या दगडी पायाला चेन पुली बांधली. चेन पुली म्हणजे साखळी ओढत राहायचं आणि जड वस्तू इंच-इंच सरकत राहते. खुणेच्या पुढं लाकडी ओंडके रचले. मी डाव्या बाजूला गुडघ्यावर बसले, डोळे पिनेवर.

“ओढा!”

साखळी ताठ झाली. पुढचं छोटं चाक फिरलं. मोठं चाक नाही. रुळावर खरखर आवाज झाला.

“थांबा! घसरतंय!”

विनोदभाऊंनी टोपी काढली. सलीमभाई इंजिनाखाली शिरले, लाकडी हातोड्यानं दांड्याचे सांधे एकेक करून ठोकले, परत तेल घातलं. मग चाकाच्या कडेवर हात ठेवून, लहान मुलाला उठवावं तसे म्हणाले, “चल रे बाबा, चल. तीन फूट तो जाना है.”

“ओढा! हळू!”

आधी एक कट्ट असा आवाज आला. मग चाक फिरलं. चारही फिरली. समोरची पिन खाली झुकू लागली आणि तिच्याबरोबर आख्खा दांडा, सावकाश, बसणाऱ्या माणसासारखा खाली आला. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. शरदराव खुर्चीतून उठून इंजिनाच्या समोर गेले होते. तिथून त्यांना दोन्ही बाजू दिसत होत्या. डावीकडं दांडा खाली येत होता, उजवीकडं तळातून उठून मागं चढत होता.

खुणेवर आल्यावर मी हात वर केला. साखळी थांबली. आवारात गरम तेलाचा नाही, पण जुन्या तेलाचा वास पसरला होता.

“चाललं,” शरदराव म्हणाले. ते अजून समोरच उभे होते. “शिट्टी नाही, धूर नाही. पन हा रुळाचा आवाज तोच हाये.”

विनोदभाऊंनी टोपी घातली. “आता टेंडर जोड अन् स्टॉपर लाव, सलीम. नाही तर हे अकोटले निघून जाईन.”

रविवारी उद्घाटन झालं. इंजिनाला झेंडूचे हार घातले, नारळ फुटला. शरदरावांनी आधी नमस्कार केला, मग विनोदभाऊंच्या खांद्याचा आधार घेऊन पाय दांड्यावर ठेवला. तेवढ्यात नातेवाईक, शेजारी, चौकीदार आणि दोन नगरसेवक बाजूला येऊन उभे राहिले. फोटो छान आला आहे. सगळे त्यात आहेत. दांडा मात्र दिसत नाही, चाकंही दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी शरदराव एकटे आले आणि चौकीदाराकडून मोबाइलवर एक फोटो काढून घेतला. तो भिंतीवर लागला आहे.

वर्कशॉपमध्ये तेव्हापासून एक पद्धत पडली आहे. कापायचं काम आलं की गॅस पेटवण्याआधी ग्राहकाला एकदा ‘काहून’ विचारायचं. उत्तर मिळायला चहाएवढा वेळ लागतो. कापलेलं जोडायला त्याहून जास्त लागतो.

उद्घाटनाला माझे आईबाबाही चांदूरहून मोठ्या लाइनच्या गाडीनं आले होते. बाबा पाटी वाचत, बोटानं चाकं मोजत इंजिनाभोवती फिरत होते आणि दर वेळी टेंडरची धरून चुकत होते. आई डाव्या बाजूला थांबली. तिनं दांडा पाहिला, पिन पाहिली, पदरानं हात पुसून दांड्याला हात लावला.

“हे तं मशीनचं पायडल हाये,” ती म्हणाली. “अन् अडलं तं याले हात कुठून द्यावं?”

“याला हात द्यावा लागत नाही, आई. ही बाजू अडली की ती बाजू देते.”

आई वाकून चाकांच्या मधून पलीकडं पाहत राहिली. पलीकडं बाबा परत पहिल्या चाकापासून मोजायला लागले होते.

“बरं हाये बाप्पा याचं,” ती म्हणाली, आणि मोठ्यानं हाक मारली, “ओ! टेंडरची धरू नका!”